थर्मोकपलला साधी वायर जोडली तर चालेल का? घरी बांधलेल्या विमानात इंजिन मॉनिटरचं वायरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनजवळ घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे किटचं छोटं विमान आकाराला येतंय, पुढे लायकमिंग कंपनीचं कार्ब्युरेटरवालं ओ-३६० इंजिन बसलंय आणि इंजिन मॉनिटरचा, म्हणजे इंजिनाचे आकडे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राचा, डबा पॅनेलमागे लागलाय. चार नंबरच्या सिलिंडरची सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) मोजणाऱ्या थर्मोकपल प्रोबची वायर डब्यापर्यंत फूटभर कमी पडतेय. तिथे हाताशी उरलेली २२ गेजची साधी वायर जोडली तर चालेल का? शिवाय तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बाकीच्या सेन्सरचं ग्राउंड कुठे घ्यायचं, आरपीएमसाठी मॅग्नेटोच्या (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) वायरला हात लावावा का, आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर थेट इंजिनवर बसवला तर काय बिघडतं.

साध्या वायरीच्या प्रश्नाचं उत्तर, चालणार नाही. का चालणार नाही ते नीट समजून घ्या, कारण तेच कारण पुढे प्रत्येक सेन्सरला लागू पडतं.

कुणाच्या विमानाचं वायरिंग बघायला गेलो की मी प्रत्येक वायरीला एकच प्रश्न विचारतो: ही तुटली, घासली किंवा सैल झाली तर काय होईल? काही वायरी अशा असतात की त्या बिघडल्या तर इंजिन बंद पडतं किंवा तेल बाहेर येतं. काही बिघडल्या तर स्क्रीनवरचा आकडा गायब होतो. त्याने फारसं नुकसान नाही, पायलटला कळतं की सेन्सर गेला. सगळ्यात वाईट तिसरा प्रकार. आकडा दिसत राहतो, पटण्यासारखाही असतो, पण खोटा असतो. आणि सेन्सरच्या वायरिंगमधल्या नेहमीच्या चुका बहुतेक वेळा दिलाशाच्या बाजूने खोटं बोलतात. इंजिन तापतंय आणि आकडा म्हणतो सगळं ठीक आहे.

आता थर्मोकपल. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, की दुसऱ्या बाजूच्या दोन मोकळ्या टोकांमध्ये अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं. के टाइपमध्ये अंश सेल्सिअसमागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, जे टाइपमध्ये ५० च्या थोडं वर. पण हे व्होल्टेज गरम टोकाच्या तापमानाचं नसतं. गरम टोक आणि थंड टोक यांच्या तापमानातल्या फरकाचं असतं. म्हणून मॉनिटरच्या डब्यात स्वतःचं तापमान मोजण्याची सोय असते. आलेल्या फरकात डबा आपलं तापमान मिळवतो आणि ती बेरीज स्क्रीनवर दाखवतो. हा हिशेब बरोबर यायचा तर थर्मोकपलच्या दोन्ही तारा त्याच धातूच्या, थेट डब्याच्या कनेक्टरपर्यंत जायला हव्यात.

मध्येच तांब्याची वायर जोडली की थंड टोक सरकून त्या जोडावर येतं. तांब्याच्या दोन्ही वायरी सारख्याच, त्यामुळे जोडापासून डब्यापर्यंतच्या अंतरात फरक मोजलाच जात नाही. तुमच्या इंजिनाचे आकडे घालून बघा. हेडचं खरं तापमान ४३० अंश फॅरनहाइट आहे. जोड इंजिनामागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधली आगरोधक भिंत) पुढे आहे आणि तिथे उड्डाणात १५० अंश आहे. डबा पॅनेलमागे ९० अंशांवर आहे. थर्मोकपल देणार ४३० वजा १५०, म्हणजे २८० अंशांचा फरक. डबा त्यात आपले ९० मिळवणार. स्क्रीनवर दिसणार ३७०. साठ अंश कमी. लायकमिंगची सीएचटीची कमाल मर्यादा ५०० अंश आहे, पण इंजिनाचं आयुष्य टिकवायचं तर सलग उड्डाणात ४३५ च्या खाली, आणि रमतगमत क्रूझ करताना ४०० च्या खाली ठेवा असं तेच सांगतात. तुम्ही ३७० बघून निवांत असाल आणि चार नंबरचं हेड ४३० वर भाजत असेल.

यात फसवी गोष्ट अशी की सकाळी हँगरमध्ये सगळं तपासलं तर काहीच चूक दिसत नाही. जोड, डबा आणि प्रोब तिन्ही एकाच तापमानाला असतात, फरक शून्य, आकडा अगदी बरोबर. अंतर पडायला लागतं ते काउलखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, उष्णता साचल्यावर.

म्हणून थर्मोकपलची वायर वाढवायची ती त्याच टाइपच्या एक्स्टेन्शन वायरने. के असेल तर के, जे असेल तर जे. ही वायर फुटावर विकत मिळते, महाग नाही. आधी तुमच्या डब्याचं मॅन्युअल उघडून कुठल्या पिनला कुठला टाइप लागतो ते बघा. काही किटमध्ये ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) के टाइप आणि सीएचटी जे टाइप असतात, काहींमध्ये दोन्ही के. सरमिसळ झाली तर काय होतं तेही आकड्यात सांगतो. जे टाइपसाठी लावलेल्या चॅनेलला के टाइपचा प्रोब जोडला, तर ४०० अंशांचं हेड साधारण ३२० दाखवेल. पुन्हा दिलाशाच्या बाजूलाच.

रंगांकडे खास लक्ष द्या. अमेरिकी पद्धतीत के टाइपची पिवळी तार धन आणि लाल ऋण, जे टाइपची पांढरी धन आणि लाल ऋण. म्हणजे थर्मोकपलमध्ये लाल कायम ऋण. आयुष्यभर लाल म्हणजे पॉझिटिव्ह असं बघत आलेला माणूस इथे हमखास घसरतो. युरोपातून किंवा भारतातून प्रोब मागवला असेल तर त्यावर आयईसीचे रंग असू शकतात, के टाइपला हिरवी धन आणि पांढरी ऋण. रंग उडाला असेल, काजळी बसली असेल, तर खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. के टाइपमधली ऋण तार, अ‍ॅल्युमेलची, चुंबकाला ओढली जाते, क्रोमेलची ओढली जात नाही. जे टाइपमध्ये उलट: धन तार लोखंडाची, ती चिकटते. गॅरेजमध्ये याइतकी भरवशाची तपासणी दुसरी नाही.

एका टोकाला उलट जोडलं तर लगेच कळतं, कारण इंजिन तापेल तसा आकडा खाली जातो. खरा धोका जोडाच्या ठिकाणी उलट आणि डब्याच्या ठिकाणी पुन्हा उलट, अशी दोनदा अदलाबदल झाली तर. मग आकडा वर जातो, सगळं ठीक वाटतं, आणि चूक तांब्याच्या वायरीच्या दुप्पट होते. वरच्या उदाहरणात ४३० चे ३१० दिसतील. एका विमानात मी नेमकं हेच पाहिलं. बांधणाऱ्याला एकच सिलिंडर फार छान थंड राहतोय याचं कौतुक होतं. शेजारच्या तीन सिलिंडरांपेक्षा एक जण चांगलाच थंड दिसत असेल तर बॅफलकडे (हवा सिलिंडरांवरून वळवणारे पत्रे) बघण्याआधी वायरीकडे बघा.

जोड कसा करायचा? सोल्डर विसरा, या धातूंना नेहमीच्या फ्लक्सने सोल्डर नीट धरत नाही, आणि धरलं तरी इंजिनाच्या थरथरीत तारा सोल्डरच्या कडेला तुटतात. प्रत्येक तारेला रिंग टर्मिनल क्रिंप करा, दोन रिंगा समोरासमोर ठेवून छोट्या स्क्रू-नटने आवळा, म्हणजे धन तारेची रिंग धन तारेच्या रिंगला थेट टेकेल. रिंग तांब्याची असली तरी चालते. तिची दोन्ही टोकं एकाच तापमानाला असली की तिचा परिणाम शून्य होतो. वरून सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप किंवा उष्णता सोसणारी स्लीव्ह. धन आणि ऋणाचे जोड अगदी शेजारी ठेवा, एक एक्झॉस्टजवळ आणि दुसरा लांब असं नको. उलट एखाद्या प्रोबची वायर लांब झाली तर बिनधास्त कापा. जुन्या काट्याच्या गेजला ठरलेल्या लांबीची वायर लागायची, आताच्या डब्यांना लांबीने फरक पडत नाही.

प्रोब बसवण्याबद्दल थोडंच. सीएचटीला हेडमधल्या विहिरीत बसणारा बेयोनेट प्रोब घ्या, स्पार्क प्लगखाली बसणाऱ्या वॉशरचा नको. वॉशरवाला वेगळंच रीडिंग देतो आणि चार सिलिंडरांची तुलना बिघडते. ईजीटीचे चारही प्रोब फ्लँजपासून सारख्याच अंतरावर, साधारण दोन ते चार इंचांत. ईजीटीचा नेमका आकडा महत्त्वाचा नसतो, चौघांचा एकमेकांशी संबंध आणि पीक, म्हणजे मिश्रण पातळ करत जाताना येणारा सर्वात वरचा आकडा, महत्त्वाचं. सीएचटीचं तसं नाही, तिथे आकडाच महत्त्वाचा. आणि लायकमिंगवर एक नंबर पुढचा उजवा, दोन पुढचा डावा, तीन मागचा उजवा, चार मागचा डावा, पायलटच्या बाजूने बघून. काँटिनेंटलवर मोजणी मागून सुरू होते, त्यामुळे मित्राच्या काँटिनेंटलवाल्या बोनान्झा विमानावरून नक्कल करू नका.

आता ग्राउंड. थर्मोकपल, ऑइल टेंपरेचर, जुन्या पद्धतीचे प्रेशर सेंडर यांतले बरेच सेन्सर इंजिनाच्या धातूलाच आपलं ग्राउंड मानतात. डबा मात्र पॅनेलमागच्या ग्राउंडला जोडलेला असतो. या दोन ग्राउंडमध्ये थोडाही फरक पडला की तो फरक थेट रीडिंगमध्ये मिसळतो. फरक पडतो कसा? इंजिन रबरी माउंटवर बसलेलं आहे, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बाकीच्या विमानापासून तुटलेलं आहे. त्याला जोडणारी एकच वाट, इंजिन केसपासून फायरवॉलच्या ग्राउंडपर्यंतची जाड वेणी. स्टार्टरचा शेकडो अँपियरचा करंट याच वाटेने परत येतो. वेणी बारीक, टर्मिनलखाली रंग राहिलेला, नट सैल, यांतलं काहीही असेल तर अल्टरनेटरच्या करंटने तिच्यावर काही मिलिव्होल्ट पडतात. के टाइपच्या एका अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट लागतात हे आठवा. काही मिलिव्होल्ट म्हणजे किती अंश, तुम्हीच हिशेब करा. चांगले डबे त्यातलं बरंच गाळून टाकतात, सगळं नाही.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. लँडिंग लाइट लावला किंवा पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू केली, आणि ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर, फ्युएल लेव्हल हे सगळे आकडे एकाच क्षणी थोडे सरकले, तर सेन्सर बदलत बसू नका. इतके सेन्सर एकाच वेळी बिघडत नाहीत. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, एक काडी इंजिन केसच्या उघड्या धातूला, दुसरी डब्याच्या ग्राउंड पिनला, आणि इंजिन चालू असताना भार वाढवत जा. ही तपासणी करताना माणूस प्रोपेलरपासून लांब, केबिनमध्ये हवा, म्हणून मीटरची लांब वायर आधीच इंजिनावरून आत ओढून घ्या. रीडिंग एक-दोन मिलिव्होल्टच्या पुढे जात असेल तर वेणी आणि तिच्या दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवून, धातू घासून, पुन्हा बसवा.

माझी पद्धत अशी: फायरवॉलवर एकच ग्राउंड ब्लॉक, बॅटरीची ऋण वायर तिथे, इंजिनाची वेणी तिथे, डब्याचं ग्राउंडही तिथेच. ज्या सेन्सरला स्वतःची ग्राउंड वायर आहे, त्याची ती वायर डब्याच्या ग्राउंड पिनपर्यंतच न्यायची, जवळ दिसला म्हणून कुठल्या रिव्हेटला नाही. पर्याय असेल तर एका वायरीच्या सेंडरपेक्षा दोन किंवा तीन वायरींचा घ्या.

एका वायरीचा सेंडर कसा खोटं बोलतो ते बघा. जुन्या रोधाच्या ऑइल प्रेशर सेंडरमध्ये दाब वाढला की रोध वाढतो. वायर तुटली किंवा थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळल्यामुळे ग्राउंड कच्चं राहिलं, तर रोध वाढलेला दिसतो, म्हणजे दाब वाढलेला दिसतो. तेल संपत आलं असताना गेज भरलेला. थर्मिस्टरच्या ऑइल टेंपरेचर सेन्सरमध्ये तापमान वाढलं की रोध कमी होतो, म्हणून तिथेही कच्चं ग्राउंड तेल थंड असल्याचं सांगतं. हल्लीच्या तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरचं तसं नाही. त्याला पाच व्होल्ट पुरवायचे, ग्राउंड द्यायचं, आणि तिसऱ्या वायरीवर तो ०.५ ते ४.५ व्होल्ट परत देतो. शून्य दाबालाही अर्धा व्होल्ट. त्यामुळे वायर तुटून शून्य व्होल्ट आले की डब्याला कळतं की हा दाब नाही, बिघाड आहे. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे तीन वायरींचाच घ्या. आणि थ्रेडला टेप कुठेच नको. द्रवरूप सीलंट, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून. टेपचा तुकडा तुटून इंधनाच्या वाटेत गेला तर गोष्ट रीडिंगपुरती राहत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न इथेच येतो. प्रेशर सेन्सर थेट इंजिनवर बसवू नका. सेन्सर जड, त्याला धरणारं फिटिंग बारीक, आणि चार सिलिंडरांचं इंजिन दर सेकंदाला कित्येक वेळा हादरतं. पितळेचं फिटिंग अशा ओझ्याखाली आट्यांच्या मुळाशी थकतं आणि एके दिवशी तुटतं. मग त्या भोकातून तेल दाबाने बाहेर येतं, आणि खाली एक्झॉस्ट असतो. सेन्सर फायरवॉलवरच्या मॅनिफोल्डला बसवा, इंजिनापासून तिथपर्यंत लवचीक होज, आणि इंजिनाच्या बाजूचं फिटिंग स्टीलचं, रिस्ट्रिक्टर असलेलं, म्हणजे ज्याच्या आतलं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं आहे. होज फाटला तरी त्या भोकातून तेल झिरपेल, धो धो वाहणार नाही, आणि जवळचं रनवे गाठायला वेळ मिळेल. फ्युएल प्रेशरच्या होजलाही असंच भोक. मॅनिफोल्ड प्रेशरच्या नळीलाही लावतात, तिथे आकडा स्थिर राहण्यासाठी. रिस्ट्रिक्टर नक्की आहे ना, ते फिटिंग उजेडाकडे धरून स्वतः बघा. साधं फिटिंग आणि रिस्ट्रिक्टरवालं बाहेरून सारखंच दिसतं.

आता मॅग्नेटो. तुमची भीती रास्त आहे. पी-लीड ही मॅग्नेटोपासून त्याच्या स्विचकडे जाणारी वायर ग्राउंडला टेकली की मॅग्नेटो बंद, ती तशीच बनवलेली आहे. आरपीएमसाठी तिला फाटा फोडून ती वायर फायरवॉलमधून पॅनेलपर्यंत नेली, आणि ती कुठे घासून धातूला लागली, तर हवेत असताना एक मॅग्नेटो गेला. दोन्हींच्या वायरी एकाच जुडग्यात असतील तर दोन्ही. उपाय म्हणजे रेझिस्टर. डायनन कंपनीच्या मॉनिटरच्या किटमध्ये ३० किलोओहमचे रेझिस्टर याचसाठी येतात. तुमच्या डब्याला कितीचा लागतो ते मॅन्युअलमध्ये बघा. पण तो बसवायचा कुठे हे जास्त महत्त्वाचं आहे. जिथे पी-लीडला फाटा फुटतो, अगदी तिथेच. पुढची वायर ग्राउंड झाली तरी मधे ३० हजार ओहम आहेत, मॅग्नेटोला पत्ताही लागत नाही. तोच रेझिस्टर डब्याच्या टोकाला बसवला तर डब्याचं रक्षण होईल, मधली सगळी वायर मात्र उघडी राहील, आणि तुम्हाला वाचवायचं आहे ते इंजिन. पी-लीडवर शेकडो व्होल्टचे झटके येतात, म्हणून रेझिस्टरवर आणि जोडावर पक्की श्रिंक ट्यूब घाला आणि तो हलणार नाही असा बांधा. दोन्ही मॅग्नेटोंवरून सिग्नल घ्या. एकाचाच घेतला तर मॅग तपासताना त्याच बाजूला आरपीएम शून्य दिसेल आणि ड्रॉप, म्हणजे एक मॅग्नेटो बंद केल्यावर फेऱ्या किती घटतात ते, मोजताच येणार नाही. पी-लीडची शील्ड आणि सेन्सरची वायर एका जुडग्यात बांधू नका.

शंटबद्दल लोक फार निष्काळजी असतात. अँपियर मोजण्यासाठी जाड वायरीत जो शंट (ठरावीक, अगदी कमी रोधाचा तुकडा) बसतो, त्याच्यावरून दोन बारीक वायरी डब्याकडे जातात. त्या फक्त मोजायच्या असल्या तरी त्या बॅटरीच्या पूर्ण जोरावर असतात. एक घासून ग्राउंडला लागली तर २२ गेजची ती वायर लाल होईल, आणि ती केबिनच्या जुडग्यात आहे. दोन्ही वायरींना, शंटच्या अगदी जवळ, एक-एक अँपियरचा फ्यूज. शंट अल्टरनेटरच्या वायरीत बसवला तर अल्टरनेटर किती देतोय ते कळतं, बॅटरीच्या वायरीत बसवला तर बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते. मी पहिला पर्याय घेतो. स्टार्टरच्या वाटेत मात्र बसवू नका.

फ्युएल फ्लोसाठी तुमच्याकडे एफटी-६० हा सेन्सर असेल, तो लाल चौकोनी ठोकळा. वायरी सरळ वर येतील असा बसवा, नाहीतर बुडबुडे आत अडकतात. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर होजचा तुकडा सरळ ठेवा, लगेच ९० अंशांचा एल्बो नको. एक्झॉस्टपासून लांब, फायरस्लीव्हमध्ये, म्हणजे आगरोधक बाहीत. के-फॅक्टर (एका गॅलनला सेन्सर किती पल्स देतो तो आकडा) ६८,००० पल्स प्रति गॅलनपासून सुरू करा आणि टाकी भरताना पंपावरचा आकडा लिहून ठेवा. मॉनिटर २१ गॅलन म्हणाला आणि टाकीत २० च मावले, तर नवा फॅक्टर ६८,००० गुणिले २१ भागिले २०, म्हणजे ७१,४००. एका टाकीवरून ठरवू नका, काही टाक्यांची सरासरी घ्या.

वायर टेफझेलच्या आवरणाचीच, एम२२७५९/१६ असा छाप असलेली, सेन्सरना २२ गेज पुरते. गाडीच्या दुकानातली पीव्हीसी वायर इंजिनाजवळ नकोच, जळताना तिचा धूर जीवघेणा असतो. कनेक्टरच्या पिना क्रिंपच्या घ्या आणि चार बाजूंनी दाबणारा क्रिंपर वापरा. स्वतःचा महाग वाटला तर ईएएच्या (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) तुमच्या चॅप्टरमध्ये कुणाकडे तरी असतोच, मागून आणा. क्रिंप केलेली प्रत्येक पिन ओढून बघा. फायरवॉलमधून जाताना स्टेनलेसचं ग्रोमेट, आत फायरस्लीव्ह, पोकळी आगरोधक सीलंटने बुजवलेली. नुसत्या रबरी ग्रोमेटला आग काही सेकंदांत खाते, आणि मग फायरवॉलला भोकच राहतं. इंजिन माउंटच्या नळीला झिप टाय आवळू नका. त्याखाली धूळ बसते, थरथरीने ती धूळ कानशीसारखी चालते आणि नायलॉन चक्क स्टीलमध्ये खोबण पाडतं. एडेल क्लॅम्प (रबरी गादी असलेला धातूचा पट्टा) वापरा, आणि जुडगं बांधायला मेणाची लेसिंग दोरी. अल्टरनेटरची जाड वायर आणि स्पार्क प्लगच्या लीड एका बाजूने, सेन्सरचं जुडगं दुसऱ्या बाजूने. ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

इंजिनावरून माउंटवर येताना जुडग्याला सैल वळण हवं. इंजिन बंद करताना शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत ते माउंटवर किती हलतं, ते काउल काढून कुणाला तरी लांबून मोबाइलवर टिपायला सांगा. जुडगं जिथे ताठ बांधलंय तिथे तुटणार हे तिथेच दिसेल.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधीच्या तपासण्या क्रमाने करा. रात्रभर विमान उभं राहिल्यावर सकाळी मॉनिटर लावा. सगळ्या सीएचटी, ईजीटी आणि ऑइल टेंपरेचर हवेच्या तापमानाच्या आसपास हवेत, आणि मॅनिफोल्ड प्रेशरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीवर आहात, म्हणजे ३० इंचांच्या जवळपास. पण हे झालं म्हणजे थर्मोकपल बरोबर आहेत असं मानू नका. उलटी जोडलेली वायरही थंड इंजिनावर बरोबर आकडा दाखवते, तांब्याचा जोडही दाखवतो. म्हणून दुसरी पायरी: प्रोब बाहेर काढून एकेक उकळत्या पाण्यात बुडवा. तुमच्याकडे २१२ अंश यायला हवेत. त्याच वेळी स्क्रीनवर नेमक्या त्याच सिलिंडरचा आकडा चढतोय ना ते बघा, दोन आणि चार यांची अदलाबदल इथेच सापडते. तिसरी पायरी बहुतेक जण करतच नाहीत. प्रोब पाण्यातच ठेवून हीट गनने वायरीवरचा जोड तापवा, हाताला चटका बसेल इतपत. जोड बरोबर धातूंचा आणि बरोबर दिशेचा असेल तर आकडा हलणार नाही. आकडा खाली सरकायला लागला तर चूक तिथेच आहे, आणि ती आत्ता गॅरेजमध्ये सापडलेली बरी.

अलार्म डब्यासोबत आले तसे ठेवू नका, इंजिनाच्या मॅन्युअलमधून भरा. ओ-३६० साठी आरपीएमची लाल रेघ २,७०० वर, ऑइल टेंपरेचर २४५ फॅरनहाइटवर. ऑइल प्रेशर आयडलला किमान २५ पीएसआय, चालू उड्डाणात ५५ ते ९५. कार्ब्युरेटरला फ्युएल प्रेशर अर्धा ते आठ पीएसआय. सीएचटीची लाल रेघ ५०० वर असली तरी पिवळी मी ४०० च्या जवळ ठेवतो. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही तासांत ती सारखी बोलेल, बोलू द्या, फक्त बंद करू नका. एफएए, म्हणजे अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था, तुम्हाला फेज-वनमध्ये (सुरुवातीची चाचणी उड्डाणं) २५ किंवा ४० तास देईल, तुमचं इंजिन-प्रोपेलर कुठलं आहे त्यावर. त्या तासांचा सगळा डेटा उतरवून जपून ठेवा. पुढे एखादा सिलिंडर वेगळा वागायला लागला की तुलना करायला हाच डेटा लागतो.

तुमच्या चार नंबरसाठी आत्ता करायचं एवढंच: प्रोबवर जे की के ते बघा, त्याच टाइपची दोन फूट एक्स्टेन्शन वायर मागवा, चुंबकाने धन-ऋण ठरवा, आणि जोड शक्यतो फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला घ्या, म्हणजे तो डब्याच्याच तापमानाजवळ राहील. वायर येईपर्यंत ते टोक मोकळं सोडून टेप लावून ठेवा, काहीतरी तात्पुरतं जोडू नका.